पॉलिशवाल्यांचं गाव

एटीजमधल्या सगळ्यात चकाचक रॉक अल्बमचा माग काढत शेफील्डला गेले. तिथे भेटले चमचे, चाकू आणि भोसरीचा मामा!

आधी एक कबुली देऊन टाकते. पुण्यात मास कॉम करत असताना आमच्या ग्रुपमध्ये म्युझिकचे दोनच प्रकार होते: 'रॉ' आणि 'फालतू'. रॉ म्हणजे एखाद्या कळकट गॅरेजमध्ये, दोन माइक लावून, एका दमात रेकॉर्ड केलेलं. स्टुडिओत बसून घासूनपुसून चकचकीत केलेलं बाकी सगळं खोटं, विकाऊ, पॉप! त्यामुळे माझ्या फोनमध्ये डेफ लेपर्डचा 'हिस्टीरिया' हा अख्खा अल्बम आहे, ही गोष्ट मी तीन वर्षं लपवली. कुणी जवळ आलं की पटकन गाणं बदलायचं. काय करणार? काळ्या टीशर्टवाल्यांसमोर इज्जतीचा सवाल होता.

हा अल्बम मला दिला दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, त्याच्या जुन्या एमपीथ्री सीडीवरून. हाच दादा आता शेफील्डला नोकरी करतो. डेफ लेपर्डचं गावही तेच. मग काय, सुट्टी जुळवली, व्हिसा काढला आणि ऑक्टोबरच्या एका गारठलेल्या संध्याकाळी बॅग ओढत शेफील्ड स्टेशनवर उतरले.

आपल्या भाषेत सांगायचं तर शेफील्ड म्हणजे थोडं पिंपरी-चिंचवड आणि थोडं महाबळेश्वर. रोमसारखं हेही सात टेकड्यांवर वसलंय असं इथले लोक अभिमानाने सांगतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात तेव्हा ते पटतं. शहराची जवळजवळ एक तृतीयांश हद्द पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कात येते. आणि उरलेल्या भागाने काही शतकं फक्त पोलाद बनवलं. स्टेनलेस स्टीलचा जन्मही इथलाच, १९१३ साली, हॅरी ब्रेअर्लीच्या हातून. थोडक्यात, तुम्ही रोज ऑफिसात उघडता त्या डब्याचा पणजोबा शेफील्डचा!

पहिल्याच सकाळी दादा मला ब्रॅमल लेनच्या बाजूला घेऊन गेला. इथे फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे आणि त्याला चिकटून जुन्या विटांच्या कारखान्यांच्या गल्ल्या. १९७७ साली शाळा नुकतीच सुटलेली काही पोरं याच भागातल्या एका जुन्या चमच्यांच्या कारखान्यात खोली भाड्याने घेऊन प्रॅक्टिस करायची. तीच डेफ लेपर्ड. पुढे २०२३ च्या मे महिन्यात ते याच ब्रॅमल लेनच्या स्टेडियममध्ये वाजवून गेले. चमच्यांच्या कारखान्यापासून स्टेडियमपर्यंत चालत काही मिनिटं लागतात. त्यांना पंचेचाळीस वर्षं लागली.

जवळच पोर्टलँड वर्क्स आहे. स्टेनलेस स्टीलचे पहिले चाकू इथे बनले. काही वर्षांपूर्वी ही इमारत पाडून तिचे फ्लॅट होणार होते, पण गावातल्या शेकडो लोकांनी शेअर्स घेऊन २०१३ मध्ये ती विकत घेतली. आज तिथे चाकू बनवणारे, कोरीवकाम करणारे आणि प्रॅक्टिस करणारे म्युझिशियन असे सगळे शेजारी शेजारी भाडेकरू आहेत. आम्ही अंगणात उभे होतो तेव्हा खालून ग्राइंडरचा आवाज येत होता आणि वरच्या खिडकीतून कुणीतरी ड्रम्स वाजवत होतं. तोच तोच तुकडा. चुकला की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात त्या माणसाचा तुकडा काही पुढे सरकला नाही.

'हिस्टीरिया' असाच बनला. फक्त अर्ध्या तासाऐवजी तीनेक वर्षांत! प्रोड्युसर होता रॉबर्ट जॉन 'मट' लँग. त्याने आधी एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' केला होता, डेफ लेपर्डचा १९८३ चा सुपरहिट 'पायरोमॅनिया'ही त्याचाच. या वेळी डोक्यात खूळ असं होतं की मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'सारखा हार्ड रॉक अल्बम करायचा. म्हणजे एकही गाणं भरतीचं नको, प्रत्येक गाणं सिंगल म्हणून वाजलं पाहिजे.

त्यासाठी काय काय केलं बघा. गिटारवर कॉर्ड वाजवतात तेव्हा सगळ्या तारा एकदम छेडतात. इथे काही ठिकाणी एकेक तार वेगळी रेकॉर्ड केली आणि मग त्यांची कॉर्ड बनवली, म्हणजे प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ ऐकू यावा. भल्यामोठ्या अ‍ॅम्प्लिफायरऐवजी वापरला रॉकमन, हेडफोन लावून वाजवायचा वॉकमनछाप डबा. कोरसमधला तो 'अख्खं स्टेडियम गातंय' वाला आवाज म्हणजे मोजक्याच लोकांनी थरावर थर चढवून पुन्हा पुन्हा गायलेल्या ओळी. आणि ड्रम्स? एरवी ड्रम्स आधी रेकॉर्ड करतात, घराच्या पायासारखे. इथे ते सगळ्यात शेवटी, कॉम्प्युटरवर साठवलेल्या आवाजांतून बांधले. मधल्या काळात लँग थकून बाजूला झाला, दुसरा प्रोड्युसर आला आणि गेला, लँग परत आला. खर्च इतका वाढला की नुसती भरपाई व्हायला पन्नासेक लाख प्रती विकाव्या लागणार होत्या, असं बँडवाले सांगतात. ऑगस्ट १९८७ मध्ये अल्बम आला. बारापैकी सात गाणी सिंगल म्हणून निघाली आणि एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख प्रतींचं सर्टिफिकेट मिळालं.

तरीही आमच्या ग्रुपचा शेरा कायम: 'ड्रम्स ऐक ना, मशीन आहे ते. माणूस आहे कुठे त्यात?'

माणूस कुठे आहे, हे मला दादाने तिसऱ्या दिवशी दाखवलं. त्याच्या गाडीतून आम्ही ए-५७ ने पश्चिमेला निघालो. घरं संपतात, रस्ता वळणं घेत चढायला लागतो, बाजूला दगडी कुंपणं आणि मेंढ्या. दिसायला एकदम पिक्चर पोस्टकार्ड! शेफील्डबाहेरच्या याच रस्त्यावर ३१ डिसेंबर १९८४ ला डेफ लेपर्डचा ड्रमर रिक अ‍ॅलनची गाडी उलटली. वय वर्षं २१. डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो परत जोडला, पण इन्फेक्शन झालं आणि कायमचा काढावा लागला. अल्बम अर्धवट होता.

आता सांगा, 'रॉ' म्युझिकच्या नियमांत एका हाताच्या ड्रमरला जागा कुठे? बँडने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही. त्याच्यासाठी सिमन्सचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट तयार झाला, डाव्या पायाखाली जादा पेडल्स असलेला. जे डावा हात वाजवायचा, ते डावा पाय वाजवायला शिकला. १६ ऑगस्ट १९८६ ला डॉनिंग्टनच्या मैदानावर तो हजारो लोकांसमोर बसला आणि वाजवून दाखवलं. ज्या मशीनच्या नावाने आम्ही नाकं मुरडत होतो, त्या मशीनमुळे एका माणसाचं काम वाचलं होतं. अल्बमला 'हिस्टीरिया' हे नावही त्यानेच सुचवलेलं.

परतीच्या वाटेवर मी गाडीत तो अल्बम लावला. मोठ्याने. दादा हसला, 'आता लपवायचं नाही वाटतं?'

शेवटच्या दिवशी केलम आयलंड म्युझियम पाहिलं. तिथलं १९०५ चं रिव्हर डॉन इंजिन बघून तोंडाचा आ होतो. बारा हजार हॉर्सपॉवर, दोन-तीन मजली धूड! पण माझे पाय थबकले ते 'बफर गर्ल्स'पाशी. फिरत्या चाकावर चमचे-काटे धरून त्यांना चकाकी आणणाऱ्या या बायका. काम इतकं घाणेरडं, की अंगाला खाकी कागद गुंडाळून आणि डोक्याला फडकं बांधून त्या उभ्या राहायच्या. ब्रिटिश साहेबाच्या टेबलावरचा तो चमकणारा चमचा यांच्या हातून गेलेला.

आणि मला आमचा मामा दिसला. मामा भोसरीत स्टीलच्या भांड्यांच्या एका छोट्या युनिटमध्ये बफिंग करायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा नाकपुड्या काळ्या, भुवयांवर राख बसल्यासारखी. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, 'मामा, पॉलिश लावता म्हणजे काय लावता?' तो म्हणाला, 'लावत काही नाही गं. आधी जाड चाकावर ओरखडे काढायचे, मग बारीक, मग कापडाचं चाक. चमक भांड्यातच असते.' नंतर कॉलेजात कुणी विचारलं, की मी सांगायचे, 'मामा कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे.' फोनमधला अल्बम मी एकटाच लपवला नव्हता.

चकाकी नेहमीच छान असते असं मी म्हणणार नाही. 'हिस्टीरिया'तलीही एक-दोन गाणी इतकी गुळगुळीत आहेत की पकडायला गेलं की निसटतात. आणि मामाला आजही जिना चढताना दम लागतो, तो काही वयामुळे नाही. पण घासूनपुसून केलेल्या कामाला खोटं म्हणायची माझी हिंमत आता होत नाही.

म्युझियमच्या बाहेर आल्यावर मामाला बफर गर्ल्सचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप केले. भारतात रात्र होत आली होती. पाच मिनिटांत फोन.

'हे कुठलं गं?'

'इंग्लंड. स्टीलचं गाव आहे. या बायका तुझंच काम करायच्या, मामा.'

पलीकडे जरा शांतता. फोटो मोठा करून बघत असणार.

'चाक बरोबर आहे,' तो म्हणाला. 'पण यांना सांग, नाकाला पण फडकं बांधा म्हणावं.'

जायचंय?
लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून थेट ट्रेन, साधारण दोन तास. केलम आयलंडसाठी शेल्समूर ट्राम स्टॉपला उतरा. पोर्टलँड वर्क्समध्ये लोक कामं करत असतात, त्यामुळे ओपन डे कधी आहे ते बघूनच जा. टाऊन हॉलबाहेरच्या फुटपाथवर शेफील्डच्या नामवंतांच्या पाट्या आहेत, त्यात डेफ लेपर्डची शोधा. आणि पायवर हेंडर्सन्स रेलिश घातल्याशिवाय निघू नका, गाववाले माफ करत नाहीत!