बंड्याचा डबा

रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी दोन डबे भरते. एक माझा. त्यात काय असतं ते विचारू नका, बहुतेक वेळा कालचीच भाजी असते. दुसरा बंड्याचा. तो मात्र वजनकाट्यावर तोलून, कॅलरीज मोजून!

बंड्या म्हणजे माझा बोका. वय पाच, वजन साडेचार किलो, रंग पिवळा, स्वभाव सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. पार्किंगमध्ये सापडला तेव्हा मुठीएवढा होता. तेव्हापासून ठाण्यातल्या या वन बीएचकेचं भाडं मी भरते आणि राहतो तो.

आता तुम्ही म्हणाल, मांजराच्या खाण्याचं एवढं काय कौतुक? गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत मीही हेच म्हणत होते. सकाळी साडेआठची लोकल, रात्री आठला घरी. अशा माणसाला कोरडे दाणे म्हणजे वरदान. वाटी भरून ठेवायची, शेजारी पाण्याचं भांडं, की आपण सुटलो. भांड्यातलं पाणी संध्याकाळी तेवढंच असायचं. मला वाटायचं, वा, गुणी आहे, पसारा करत नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी रात्री तो सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, ओरडायचा, बाहेर यायचा, परत आत. मला वाटलं पोट साफ होत नसेल. दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं, स्लाइड्स अर्ध्या राहिल्या होत्या. 'सकाळी बघू' म्हणून मी झोपले. हे लिहितानाही मला ते वाक्य आवडत नाही.

सकाळी तो कपाटाखाली गप्प पडला होता. प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात, रिक्षा केली. डॉक्टर मॅडमनी पोटाला हात लावला आणि लगेच म्हणाल्या, "लघवी तुंबलीय. ब्लॅडर दगडासारखं झालंय. आणखी उशीर केला असतात तर हातात काही राहिलं नसतं." बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडे, चिकट स्राव असं काहीतरी अडकतं आणि दार बंद. विष रक्तात चढतं, पोटॅशियम वाढतं, हृदय थांबू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ खलास. कॅथेटर, सलाइन, तीन दिवस पिंजऱ्यात. चौथ्या दिवशी घरी सोडताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "याच्या पोटात पाणी जायला हवं. ओलं खाणं सुरू करा."

मांजराचे पूर्वज आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. पाणी पिण्यापेक्षा ते शिकारीतूनच मिळवायची त्यांची सवय. उंदराच्या अंगात जवळपास ७० टक्के पाणी असतं. दाण्यांत असतं साधारण १० टक्के. बाकीचं भांड्यातून पिऊन भरून काढावं, एवढी तहान त्यांना लागतच नाही. लघवी घट्ट होत जाते.

झालं! मी पेट शॉपमध्ये गेले. तिथे एक भिंतच्या भिंत पाऊच आणि टिनची! जेली, ग्रेव्ही, मूस. टुना, सामन, चिकन. मी सगळ्यात देखणा टिन उचलला, जेलीतला टुना. बंड्याने दोन मिनिटांत चाटूनपुसून संपवला. मी खूश. आठ दिवसांनी चश्मा लावून टिनवरची बारीक अक्षरं वाचली. लिहिलं होतं, 'कॉम्प्लिमेंटरी पेट फूड'. आपल्याला कॉम्प्लिमेंटरी म्हटलं की हॉटेलातला फुकटचा ब्रेकफास्ट आठवतो. इथे स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा. हे पूरक अन्न आहे, जेवण नव्हे. म्हणजे मी आठवडाभर त्याला नुसती कोशिंबीर वाढत होते. बघायचे ते शब्द 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', आणि ते मोठ्या मांजरासाठी की पिल्लासाठी, हेही. ते नसेल तर टिन कितीही देखणा असो, परत फळीवर.

का, तर मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा घटक त्याचं शरीर पुरेसा बनवत नाही, मांसातूनच घ्यावा लागतो. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं. गंमत म्हणजे ती मांजरं बाजारातलं तयार अन्नच खात होती. मग कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. आज अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेच्या निकषानुसार डब्यातल्या ओल्या अन्नात, पाणी वगळून, किमान ०.२ टक्के टॉरिन लागतं. दाण्यांत ०.१ चालतं.

'पाणी वगळून' ही खरी ग्यानबाची मेख. दाण्यांच्या बॅगवर प्रोटीन ३२ टक्के, पाऊचवर १०. मी म्हटलं, लूट आहे ही! मग ऑफिसातच एक्सेल शीट उघडलं (बॉसला वाटलं बजेट करतेय). पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी, म्हणजे कोरडा ऐवज १८. अठरात दहा, म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर. दाण्यांत पाणी १०, ऐवज ९०. नव्वदात बत्तीस म्हणजे ३६ टक्क्यांच्या आत. पारडं पलटलं की नाही?

पण नुसत्या आकड्यावरही भाळू नका. 'क्रूड प्रोटीन' मोजतात ते नायट्रोजनवरून. २००७ साली अमेरिकेत आणि कॅनडात प्राण्यांचं खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावं लागलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून कागदावर प्रोटीन छान दिसायचं. कुत्र्यामांजरांच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून खाद्यात पहिलं नाव मांसाचं हवं, असा माझा हट्ट. आणि 'विथ चिकन' वाचून हुरळू नका. अमेरिकी नियमांत त्या 'विथ'ला ३ टक्के चिकन पुरतं.

एवढं सगळं शिकून मी तयार झाले, आणि रत्नागिरीहून आई आली.

"पाकिटातलं काय घालतेस? आजीची मनी दूधभातावर बारा वर्षं जगली," पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या कालवणातला तुकडा नळाखाली धुऊन बंड्यासमोर. मी ओरडले. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि कालवणातला मासा धुतला तरी रस आत मुरलेलाच असतो. आई रुसली. मग रात्री मी तिला सांगितलं, "अगं, मनी दूधभात खायची ते आजीला बरं वाटावं म्हणून. जेवायची ती माळ्यावर!" उंदीर हाच खरा कम्प्लीट अँड बॅलन्स्ड पाऊच. हृदयातलं टॉरिन, हाडांतलं कॅल्शियम, वर पाणी. आई हसली. "आणि तुझ्या पाचव्या मजल्यावर उंदीर कुठला?" म्हणाली. पटलं तिला. आता उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा, बिनमिठाचा, लाडापुरता देते.

राहिला प्रश्न पैशांचा. बंड्याला दिवसाला साधारण २२० कॅलरीज पुरतात, असं मॅडमचं गणित. माझ्या ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये ७०. म्हणजे तीन पाऊच. एक ४५ रुपयांना, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर. माझं जिमही एवढं नाही (जातेय कोण, ते सोडा). मॅडमना स्पष्ट विचारलं. त्यांनी काही आठवडे लघवीच्या त्रासासाठीचं खास खाणं दिलं, मग तडजोड सांगितली. दोन पाऊच, त्यात दोन-दोन चमचे पाणी, आणि मोजून २० ग्रॅम दाणे. चालतं.

बंड्याला मात्र पूर्ण जेवणवाला पाऊच पहिल्यांदा अजिबात आवडला नाही. वास घेऊन वाळू उकरल्यासारखं केलं आणि निघून गेला. 'भूक लागली की खाईल' हा नियम मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी लिव्हरमध्ये चरबी साठून जीव जाऊ शकतो, जाड मांजरांचा तर नक्कीच. म्हणून आधी टुनात चमचाभर नवं, मग दोन चमचे, असं दहा दिवस चाललं. पाऊच फ्रिजमधला असेल तर कोमट पाण्यात धरायचा. वास सुटला की साहेब येतात. आणि उरलेलं तासाभरात उचलायचं, आपल्या हवेत ते टिकत नाही.

हल्ली रोज सकाळी मी लिटर ट्रेमधले ओले गोळे मोजते. तीन असले की दिवस चांगला. आई रत्नागिरीहून बरोबर अकराला फोन करते, नेमकी माझी टीम मीटिंग चालू असताना. परवा गडबडीत स्पीकर चालू राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "काय गं, शू झाली का त्याची?"

सगळी टीम माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तीन वेळा, आई."