आजोबांच्या गालिच्याची निगा

इंदिरानगर, बंगळूर
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. धाकटीस,

तुझे पत्र पावले. आजोबांचा गालिचा यापुढे तुझ्या घरी नांदावा, हे आपल्या दोघींचे पूर्वीच ठरले आहे. परंतु पौषात तो गाडीतून रवाना करण्यापूर्वी त्याच्या निगेचा तपशील तुझ्या हाती असावा असे मनापासून वाटते, कारण जे मला वेळीच कोणी सांगितले नाही त्याची झळ त्या बिचाऱ्या वस्तूला सोसावी लागली.

आपल्या पुण्याचा पाऊस दसऱ्याच्या सुमारास आवरता घेतो; बंगळुरास मात्र सप्टेंबर-ऑक्टोबर हेच सर्वांत ओले महिने, तेव्हा गालिचा उचलण्याचा मुहूर्त इथे कार्तिक अर्धा सरल्याशिवाय लाभत नाही. परवा लख्ख ऊन पडले म्हणून मुलाच्या मदतीने दिवाण सरकवला आणि त्याखालचा कोपरा उलटून पाहिला, तो तिथे तळहाताएवढ्या जागेत लोकर अशी नव्हतीच. नुसते सुती ताणे उघडे पडलेले, आणि त्यांच्या आसपास तांदळाच्या दाण्याएवढ्या, दोन्ही टोकांनी उघड्या अशा बारीक नळ्या. भिंगातून पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला. ज्या ठिकाणी तांबडा रंग होता तिथल्या नळ्या तांबड्या, निळ्या वेलीजवळच्या निळसर. कारण कसरीची अळी ज्या लोकरीवर जगते तिच्याच तंतूंनी आपले घर विणते. उडणारे फिकट पाखरू आपल्याला दिसते आणि आपण त्यालाच अपराधी समजतो. वास्तविक त्या पाखराला खाण्यापुरते तोंडही नसते, नाश करते ती अळी, आणि तिला हवा असतो अंधार, स्वस्थता व जिथे वर्षभर हात पोहोचत नाही असा कोपरा. खोलीच्या मध्यभागी, जिथे सर्वांची पावले पडतात, तिथे गालिचा आजही निर्दोष आहे. मी ज्या भागाला जपले, झाकले, दिवाणाखाली सुरक्षित मानले, तोच भाग गेला. म्हणून माझी पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती ही, की महिन्यातून एकदा अवजड सामान सरकवून कडा उलटून पाहा, आणि दर सहा महिन्यांनी गालिच्याची दिशा बदलून त्याचे झाकलेले टोक उजेडात आण. खिडकीच्या उन्हाने एकच बाजू विटू नये म्हणूनही हे अवश्य आहे.

दुसरा शत्रू धूळ. हे घर सी. एम. एच. रस्त्यापासून जवळ, २०११ च्या ऑक्टोबरात मेट्रो सुरू झाली, तोपर्यंत काही वर्षे त्या रस्त्यावर जे खोदकाम चालले होते त्याची तांबूस माती खिडक्या बंद ठेवूनही घरात येई. वरची धूळ झाडूने निघते; पण जे जड, कोनेदार कण लोकरीच्या मुळाशी उतरतात ते पावलागणिक तंतू कापत राहतात, आणि गालिचा वरून स्वच्छ दिसत असतानाच आतून झिजतो. त्याची परीक्षा सोपी आहे. गच्चीवर स्वच्छ पांढरी चादर अंथरून तिच्यावर गालिचा पालथा घालावा, पाठीवर वेताच्या छडीने हलक्या हाताने टकटक करीत जावे आणि मग उचलून चादर पाहावी. परवा चादरीवर जो तांबडा थर पडला तो मी सुपात भरला, तेव्हा दोन ओंजळी झाला. कठड्यावर टांगून जोराने झोडपू नकोस. जुने ताणे त्या भाराने तुटतात. यंत्राने धूळ ओढायची तर फिरता ब्रश काढून, लोकर ज्या दिशेने झुकते त्याच दिशेने ओढ, आणि झालरीपासून यंत्र दूर ठेव. कारण ती झालर मागाहून शिवलेली शोभा नसून गालिच्याच्या ताण्यांचीच टोके आहेत.

आता त्या काठाविषयी, जो पाहून तू मागे हळहळली होतीस. काही वर्षांपूर्वी मी एका धुलाईवाल्यास घरी बोलावले. त्याने कढत पाणी व साबणाचा फेस यंत्राने फिरवला आणि तासाभरात मधला किरमिजी रंग बदामी काठावर उतरला. दोष निम्मा माझा, कारण रंगाची परीक्षा मी आधी केली नव्हती. हा गालिचा येरवड्याच्या तुरुंगात विणलेला, असे आजोबा सांगत. गेल्या शतकाच्याही आधीपासून तिथे कैद्यांकडून हे काम करवीत. विजापूरच्या आसार महालातील प्राचीन गालिच्यांच्या प्रतिकृतीही तिथे विणल्या गेल्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर आणि डांबरापासून काढलेल्या नव्या रंगांवर कठोर टीका केली होती. विणणाऱ्या हातांविषयी मला ती सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. आपल्या गालिच्याची एक गाठ अद्याप सुटलेली नाही. पण रंगांविषयी त्यांचे म्हणणे किती खरे, हे त्या काठाने मला दाखवले. तेव्हा पाणी लावण्यापूर्वी प्रत्येक रंगावर ओला पांढरा फडका मिनिटभर दाबून धर. फडक्यावर रंग आला तर पाण्याचा विचार सोड. धुण्याचा सोडा वा कपड्यांची पूड कदापि वापरू नकोस. लोकरीला क्षार सोसत नाही. चहा सांडलाच तर चोळू नये, कोरड्या सुती कापडाने कडेकडून मध्याकडे टिपत जावे, मग थंड पाण्याच्या फडक्याने पुन्हा टिपावे, आणि खालूनवरून वारा लागेल असे वाळवावे. वरची लोकर सुकली तरी आतला कापूस ओला राहतो व तिथूनच कुजतो. तुझ्याकडच्या जमखान्यांना आणि सतरंज्यांना हे सोवळे नको, ती सुती जात साबणाला भीत नाही.

ठेवून द्यायची वेळ आली तर घडी घालू नकोस, नळीवर गुंडाळ. विंडसरच्या राजवाड्यात आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला एक अखंड, प्रचंड गालिचा आहे. १९९२ च्या आगीत तोही गुंडाळूनच वाचवावा लागला, आणि त्यासाठी पन्नास सैनिक लागले. आपल्याला दोन माणसे पुरतात. वर जुने सुती लुगडे लपेट, प्लॅस्टिक नको.

बुधवार पेठेतल्या फरासखान्यावरून तू नित्य जातेस. आज ते पोलीस ठाण्याचे नाव आहे. एके काळी ते तंबू, जाजमे, बिछायती यांच्या खात्याचे नाव होते, शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांतही फरासखान्याची गणना आहे. बिछायत अंथरणे, झाडणे, उचलणे हेच ज्याचे काम, असा फरास राज्याला नेमावा लागे, यावरून या कामाला किती सातत्य लागते ते ध्यानी घे. आपल्या घरी ते आजी करीत असे, दर महिन्याच्या अमावास्येला, आणि आपण दोघी त्या पालथ्या गालिच्यावर लोळत असू.

कोपऱ्याची अळी मी ब्रशाने काढली आहे, दोन दिवस ऊन दिले आहे, तरी अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पोहोचल्यावर तो तुझ्या लोकरी कपड्यांच्या कपाटाजवळ नेऊ नकोस, आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला तो कोपरा उलटून पाहा. उघडे ताणे रफूगाराकडून भरून घेण्याची तजवीज मात्र तुझ्याकडे. आजीची वेताची छडी गुंडाळीच्या नळीतच घातली आहे. दोऱ्या सोडण्यापूर्वी ती काढून घे.

तुझी
ताई