आजाराचा रकाना

आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी फॉर्म आला, की तो अस्रच्या नमाजनंतर माझ्या ओसरीवर येतो. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पीक विमा, पासपोर्ट, काहीही. मी शिक्षिका, बीएड झालेली, उर्दू-मराठी दोन्ही लिहिणारी आणि इंग्रजी वाचून समजणारी. त्यामुळे तेल्हाऱ्यात निदान आमच्या गल्लीपुरती ही माझी बिनपगारी नोकरीच झाली आहे. बायका चहा पीत बसतात, मी लिहिते, त्या सही करतात. काय लिहिलं हे फार थोड्या जणी विचारतात. मॅडमने लिहिलं म्हणजे बरोबरच असणार!

अशाच एका फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं. घरातल्या दोघा-तिघांशिवाय ही गोष्ट आजवर कुणाला माहीत नव्हती.

तो फॉर्म माझ्या मामूंचा होता. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. थोडी शेती, कपाशी आणि तूर, आणि सहा-सात वर्षांपासून शुगरची गोळी. ओळखीतला एक एजंट त्यांना आरोग्य विम्याची पॉलिसी काढून देत होता. फॉर्मवर आजारांचा तक्ता होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंड, दमा, आणि प्रत्येकासमोर ‘हो’ किंवा ‘नाही’. मधुमेहापाशी माझा पेन थांबला. एजंट म्हणाला, “मॅडम, गोळीवर कंट्रोलमध्ये आहे ना? मग ‘नाही’च लिहा. ‘हो’ लिहिलं की तपासण्या आल्या, हप्ता वाढला, सगळी कटकट.” मामू माझ्याकडे पाहत होते. मी वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहून टाकलं. मिनिटभराचं काम.

दुसऱ्याच वर्षी मामूंच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली, अल्हम्दुलिल्लाह जीव वाचला. पण दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मामूंनी सरळ सांगितलं होतं, शुगर सात वर्षांपासून आहे. ते केस पेपरवर आलं. मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं: आधीचा आजार लपवला, सबब दावा नामंजूर. ते पत्र वाचून घ्यायलाही मामू माझ्याच ओसरीवर आले. मी वाचलं, अर्थ सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तू काय करणार बेटा, तो म्हणाला तसं लिहिलंस.” दवाखान्याचं कर्ज फेडायला त्यांनी एक एकर विकलं. एजंटचा फोन तोवर लागेनासा झाला होता. लागला असता तरी काय? सही मामूंची होती आणि अक्षर माझं.

असा दावा नाकारला गेला, तर कंपनीकडे लेखी तक्रार केल्यानंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते, त्याला फी लागत नाही आणि त्यासाठी साधारण एक वर्षाची मुदत असते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मुदत निघून गेली होती. गेलो असतो तरी जिंकलो असतो असं नाही. लपवलं तर होतंच.

हे सगळं पुन्हा वर आलं ते अम्मीच्या उमऱ्याच्या वेळी.

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीने पेन्शनमधून पैसे बाजूला टाकले होते. अकोल्याहून एक ग्रुप दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवसांसाठी जाणार होता. अम्मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मी, असं चौघांचं ठरलं. अम्मीचं वय 69. शुगर, बीपी आणि अडीच वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला स्टेंट. उमऱ्याच्या व्हिसाच्या फीमध्येच सौदी सरकारने तातडीच्या उपचारांचा विमा जोडलेला असतो. पण त्याची मर्यादा असते, म्हणून भावाने इथूनही वेगळा प्रवास विमा घ्यायचं ठरवलं. (विमा घ्यावा की नाही, याबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो माझ्या अधिकाराचा विषय नाही. मी फक्त फॉर्मबद्दल बोलते आहे.)

भावाने मोबाइलवर फॉर्म उघडला आणि माझ्याकडे दिला. पुन्हा तोच तक्ता. “बाजी, ‘नाही’ टाका,” तो म्हणाला. “‘हो’ टाकलं तर पॉलिसीच मिळायची नाही.”

मी फोन खाली ठेवला.

त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत मी या एका रकान्याबद्दल जेवढं वाचलं, तेवढं बीएडच्या परीक्षेसाठीही वाचलं नसेल. ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे काय, हे विमा नियामकाने ठरवून दिलं आहे. आरोग्य विम्याच्या सध्याच्या नियमाप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं, किंवा ज्यावर डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिला, तो आधीपासूनचा आजार. 2024 पर्यंत हा काळ 48 महिन्यांचा होता. गोळी खाऊन शुगर ताब्यात आहे म्हणजे आजार नाही, असा अर्थ कुठेच निघत नाही. उलट रोजची गोळी हाच उपचार. आपल्याकडे ‘कंट्रोलमध्ये आहे’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. आमच्या बाजूला पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाचे किती रुग्ण आहेत हे वाचकांपैकी वऱ्हाडातल्यांना सांगायला नको. पण फॉर्मवर त्या रकान्यात ‘हो’ लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त बोचरी. बहुतेक प्रवास विमा पॉलिसींत आधीच्या आजारावरचा खर्च मुळात मिळतच नाही. काही कंपन्या जिवावर बेतलं तरच, रुग्ण धोक्याबाहेर येईपर्यंतचा खर्च देतात, तोही ठरावीक मर्यादेत. मग भावाचा प्रश्न योग्यच होता: मिळणारच नसेल तर सांगायचं कशाला? त्याचं उत्तर मला मामूंच्या पत्रात सापडलं. विमा हा पूर्ण विश्वासावरचा करार मानला जातो. महत्त्वाची गोष्ट लपवली तर नुसता त्या आजाराचा दावा जात नाही, कंपनी सगळी पॉलिसीच रद्द ठरवू शकते. मग हरममध्ये पाय घसरून हाड मोडलं, तरी हाती काही नाही.

आणि सांगितलेलं कामी येतं, याचाही दाखला मिळाला. आपल्या देशातले एक गृहस्थ 2009 मध्ये अमेरिकेला निघाले होते. जाण्याआधी त्यांनी विमा घेतला, वैद्यकीय तपासणी झाली, फॉर्मवर मधुमेह असल्याचं लिहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा आला. हृदयविकार निघाला, तीन स्टेंट बसले. कंपनीने दावा नाकारला, कारण कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर 2021 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मधुमेह त्यांनी सांगितला होता, कंपनीने तब्येत पाहूनच पॉलिसी दिली होती, आता मागे फिरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. बारा वर्षं लागली, हेही खरं. पण त्यांच्या हातात ‘हो’ लिहिलेला कागद होता. मामूंच्या हातात माझं ‘नाही’ होतं.

भावाला पटलं. अम्मीला पटलं नाही.

“‘हो’ लिहिलं आणि त्यांनी नकार दिला तर? तू मला मक्का दाखवणार आहेस की घरी बसवणार आहेस?” मग तिने तिच्या दादांची गोष्ट काढली. ते 1950च्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाजावर कितीतरी दिवस, वरून पाणी आणि खालूनही पाणी. ट्रंकेत सर्वांत खाली कफन घडी करून ठेवलं होतं. “त्यांना कुणी रकाना भरायला लावला? कफन घेऊन गेले, अल्लाहवर भरवसा ठेवून गेले.”

मी म्हटलं, “भरायला लावला होता, अम्मी. कॉलऱ्याची आणि देवीची लस घेतल्याचा दाखला नसता तर जहाजावर चढू दिलं नसतं. दादांनी सुई टोचून घेतलीच होती.” उंटाला आधी दावं बांधण्याची शिकवण तिनेच मला लहानपणी दिली होती, हे मात्र जिभेवर येऊनही बोलले नाही. आईला तिचीच शिकवण ऐकवणं बरं दिसत नाही. जहाजं 1995 नंतर बंद झाली. नाहीतर अम्मीने जहाजाचाच हट्ट धरला असता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण पाठवायची, पण डबा भाच्याच्या हाती.

तिसऱ्या दिवशी मामू आले. त्यांना कुणी बोलावलं ते मला माहीत नाही, बहुधा भावाने. ते अम्मीजवळ बसले आणि एवढंच म्हणाले, “आपा, लिहू द्या तिला.” माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अम्मीने मान खाली घातली आणि भाच्याला सांगितलं, “जा, अकोल्याची फाइल आण.”

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा एखाद्या फॉर्मसाठी खरोखर प्रश्न विचारले. “शुगर बारा वर्षांपासून?” “बारा नाही, चौदा. तुझ्या लग्नाच्या वर्षी कळली.” “बीपी?” “तुझे अब्बा गेले त्यानंतर.” “अजून काही? कधी चक्कर, कधी पडणं?” ती थांबली. मग हळूच म्हणाली, मागच्या रमजानमध्ये सहरीनंतर न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. कुणाला सांगितलं नाही. रोजे बंद करायला लावाल म्हणून.

आम्ही भावंडं एकमेकांकडे पाहत राहिलो. इतके महिने ती त्याच गोळ्या, त्याच वेळेला घेत होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि औषधं बदलली, तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाले, दीड-दोन महिने थांबा. म्हणजे दिवाळीचा ग्रुप गेला. पुढचा ग्रुप जानेवारीत होता आणि जानेवारीत माझ्या दहावीच्या सराव परीक्षा. रजा मिळणं शक्य नव्हतं. चौघांतली मी गळले. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला वाटलं, तो एक प्रश्न विचारला नसता तर मीही गेले असते.

पहिल्या कंपनीने अम्मीला नकार दिला. दुसऱ्या कंपनीने जवळपास दुप्पट हप्ता घेऊन पॉलिसी दिली: आधीच्या आजारांसाठी फक्त जीव वाचवण्यापुरती, बाकी अपघात, सामान, नवा आजार यांसाठी पूर्ण. मी सगळ्या अटी अम्मीला उर्दूत वाचून दाखवल्या. कंटाळली, पण ऐकून घेतलं. मेनिन्जायटीसची लस झाली. इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवायचं नाही, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, हे मी तीनदा बजावलं. शुगर असलेल्यांच्या पायाला फोड आलेला कळत नाही, म्हणून जाड मोजे दिले. बायकांना इहराममध्ये मोजे चालतात. आजारांची, गोळ्यांची आणि फोन नंबरांची यादी इंग्रजीत लिहून तिच्या गळ्यातल्या पाकिटात घातली. फॉर्मवर होती तीच यादी, शब्दाला शब्द.

शेगाव स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही सगळे गेलो होतो. गाडी हलली तेव्हा अम्मी खिडकीतून म्हणाली, “तुझ्या नावाने दुआ करीन.” मला उत्तर देता आलं नाही.

सफा-मर्वाच्या सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या वर चालणं. पाचव्या फेरीत तिला घाम फुटला, हात थरथरू लागले. भावाने शुगर तपासली, उतरली होती. खजूर, जमजम, थोडा आराम, मग उरलेल्या फेऱ्या व्हीलचेअरवर. हे त्याने मला रात्री फोनवर सांगितलं, तेही सगळं ठीक झाल्यावर. पॉलिसीला हात लावायची वेळ आली नाही. जशी गेली तशी परत आली, जमजमच्या कॅनसोबत.

परवा संध्याकाळी मामू आले. जमजम घेतलं, खजूर घेतला, अम्मीशी बोलले. निघताना खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नव्या आरोग्य विम्याचा फॉर्म. मी त्यांना सांगितलं, हप्ता जास्त येईल, कदाचित नकारही येईल. पॉलिसी मिळाली तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. ते म्हणाले, “माहीत आहे. लिही.”

मी चष्मा लावला. पहिला रकाना मधुमेहाचा होता.

“मामू, शुगर नेमकी कोणत्या वर्षी कळली?”