आरशात न दिसणारी सायकल

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिल्चर हा राष्ट्रीय महामार्ग २७ झाशीपाशी एकमेकांना छेदतात. चारही दिशांची अवजड वाहतूक या शहराच्या वेशीवरून जाते. त्याच रस्त्यांवर बाजाराला निघालेले सायकलस्वारही असतात. ट्रकचालक उजवीकडे बसतो. डाव्या दाराखाली, चाकाला लागून आलेली सायकल त्याला खिडकीतून दिसत नाही, आरशातही बहुधा नाही.

मोटारीत अशा ‘ब्लाइंड स्पॉट’वर लक्ष ठेवण्याचे काम सहसा मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत दडवलेली छोटी रडारे करतात. ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या त्यांच्या लहरींची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. प्लास्टिकच्या बंपरमधून त्या पार जातात. हौसेने बसवलेला लोखंडी गार्ड मात्र त्यांना अडवतो. रडार लहरीची वारंवारता सतत वाढवत नेते. १५ मीटरवरील वस्तूला आपटून लहर सेकंदाच्या एक कोटीव्या भागात परतते, पण तेवढ्यात बाहेर पडणारी वारंवारता पुढे सरकलेली असते. या फरकातून अंतर कळते आणि डॉप्लर परिणामातून सापेक्ष वेग.

इथवरचे भौतिकशास्त्र सुबोध आहे. अवघड आहे तो निवाडा. कठडे, खांब, झाडे यांच्यावरूनही लहरी परततातच. म्हणून नियंत्रक संगणक ‘कॅन’ या गाडीतल्या अंतर्गत जाळ्यावरून स्वतःच्या गाडीचा वेग घेतो. गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असताना जी वस्तू नेमकी त्याच वेगाने मागे पडते, ती रस्त्याकडेची स्थिर वस्तू, तेव्हा दुर्लक्षणीय. जिचा सापेक्ष वेग शून्याजवळ, ती सोबत धावणारी गाडी. तिच्यासाठी आरशातला दिवा पेटतो आणि चालकाने त्याच बाजूचा इंडिकेटर दिला, तर दिवा लुकलुकतो किंवा आवाज होतो.

महामार्गावर हा तर्क चोख चालतो. शहराच्या चौकात मात्र ट्रक थांबलेला, कठडा थांबलेला आणि सायकलस्वारही एक पाय टेकवून थांबलेला. तिघांचा वेग शून्य! मोटारीसाठी रचलेला हिशेब इथे लंगडा पडतो.

अवजड वाहनांना म्हणूनच वेगळा नियम लागला. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५१ खास सायकली ओळखण्यासाठी आहे. ट्रक उभा असल्यापासून ताशी ३० किलोमीटरपर्यंत यंत्रणा जागी असली पाहिजे, ही त्यातली अट. चाचणीत सायकलस्वाराची प्रतिकृती वापरतात. शिवाय रस्त्याकडेचा फलक पाहून यंत्रणेने इशारा देता कामा नये, हेही तपासतात. ही दुसरी बाजू क्षुल्लक नव्हे, कारण उगाच पेटणाऱ्या दिव्याकडे चालक लवकरच बघेनासा होतो. भारतात याच विषयाचे मानक एआयएस-१८६ आहे. एआयएस मानके पुण्याची एआरएआय प्रसिद्ध करते.

युरोपातल्या वळणावर ट्रकशेजारी बहुधा एकटी सायकल असते. बुंदेलखंडातल्या चौकात तिच्याभोवती हातगाडी, ई-रिक्षा आणि रस्त्यातच बसकण मारलेली मोकाट गाय असते. या साऱ्यांवरून परतलेल्या लहरींच्या गर्दीत त्या एका सायकलस्वारासाठी दिवा कधी पेटवायचा, हे संगणकाला ट्रकचे चाक वळण्याआधी ठरवायचे असते.