अपुरी अक्षरे

भिवंडीच्या बाजारात जुन्या तांब्यापितळेच्या ढिगात शिवराई दिसली, की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’! शिवछत्रपतींनी पाडलेले हे तांब्याचे नाणे पेशवाईतही चालले.

“अहो, यावर ‘राजा’सुद्धा धड नाही!” सौ. म्हणतात.

तीच तर खूण! ठसा मोठा, चकती लहान. हातोडा बसला, की काही अक्षरे काठाबाहेरच राहत. मला भेटलेल्या ओतीव नकलांवर मात्र अक्षर न् अक्षर शाबूत!

उत्तरपत्रिका तपासतानाही मला शिवराई आठवते. गाइडातले उत्तर गुळगुळीत आणि पुरे. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या पोराचे अडखळत, अर्धेच. गुण मी त्या अर्ध्याला देतो.