गरम झाली की बंद पडते : पंप उतरवण्याआधी एवढं बघा



"गाडी गरम झाली की बंद पडते" हे वाक्य म्हणजे "पान पिवळं पडतंय" यासारखंच. एवढ्यावरून औषध सांगता येत नाही. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर आधी नत्राचा विचार करायचा. शेंड्याच्या कोवळ्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाचा. जुन्या डिझेल इंजिनाचंही तसंच आहे. आधी प्रश्न विचारायचे, मग पान्याला हात लावायचा.

आमच्या चुलत भावाची, दादाची, सहा टायरची जुनी गाडी आहे. इंजिन सगळं मेकॅनिकल, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. मे महिन्यात टोमॅटो घेऊन नारायणगावला फेऱ्या चालू होत्या. 20 किलोचे 180 कॅरेट, म्हणजे साडेतीन टनाच्या पुढं माल. चंदनापुरी घाट चढला, घारगाव गेलं की गाडी ओढ सोडायची, खोकायची आणि बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. सलग तीन फेऱ्या असंच झालं. लाली आलेला माल उन्हात उभा, बाजाराची वेळ निघून चाललेली, आणि मागून भरधाव ट्रक. एका गॅरेजवाल्यानं गाडी न चालवताच सांगितलं, "पंप गेला, उतरवा. 28 हजार धरून चाला." दादानं ते पैसे पुढच्या लागणीच्या रोपांसाठी आणि मल्चिंगसाठी ठेवले होते. म्हणाला, "तू एकदा बघ, मग ठरवू."

पहिला प्रश्न : बंद कशी पडते? बटण दाबल्यासारखी एका क्षणात बंद पडत असेल तर डिझेल तोडणाऱ्या सॉलेनॉइडवर संशय घ्यायचा. त्यात तांब्याची कॉईल असते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. कॉईल 60 अंशानं तापली की रोध जवळजवळ पाव हिश्शानं वाढतो, करंट कमी होतो, ओढ कमी पडते आणि दांडी सुटते. जुनी कॉईल तापल्यावर आतून तुटतेही. तपासणी सोपी आहे. बंद पडल्यावर लगेच, चावी चालू ठेवून, सॉलेनॉइडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावा. करंट येतोय आणि तरी दांडी ओढत नसेल तर कॉईल खराब. करंटच नसेल तर वायर, फ्यूज, चावीचा स्विच बघा. दादाची गाडी मात्र खोकत, हळूहळू बंद पडायची. म्हणजे डिझेल कमी पडतंय किंवा हवा घेतेय.

दुसरा प्रश्न : इंजिन खरंच जास्त तापतंय का? काटा मधेच होता, पाणी कमी होत नव्हतं, बंद पडल्यावर स्टार्टर इंजिन सहज फिरवत होता. म्हणजे इंजिन आवळत नव्हतं. रेडिएटरचा विषय संपला.

तिसरा प्रश्न : बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स आवाज येतो का? झाकणाचं श्वासाचं भोक धुळीनं बुजलं की डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढता येत नाही. आम्ही घारगावच्या पुढं रस्त्याकडेला थांबून झाकण उघडलं. आवाज नाही.

चौथा प्रश्न : हातपंप काय सांगतो? फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. फेस आला असता तर सक्शनला कुठंतरी हवा घेतेय असं धरलं असतं. आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखंच हे : सक्शन पाइपाला बारीक भेग असेल तर बाहेर थेंब गळत नाही, पण मोटार हवा ओढते आणि पाणी सोडते. इथं फेस नव्हता. पण हातपंपाची दांडी वर ओढायलाच जड जात होती. म्हणजे मागून डिझेल येत नव्हतं, वाट अडली होती.

आता पंपाचा निकाल लावायचा होता. त्यासाठी कॅनची चाचणी. स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब आणि केबिनच्या बाहेर घट्ट बांधला. टाकीकडून येणारी नळी काढून कॅनची नळी फीड पंपाला जोडली. रिटर्न टाकीतच जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तेवढाच भार घेऊन तोच घाट चढलो. गाडी घारगाव सोडून बोट्याच्याही पुढं गेली, एकदाही खोकली नाही. म्हणजे फीड पंप, मोठा पंप, नोझल सगळं शाबूत. खोट टाकी आणि फीड पंप यांच्या मधे.

तेवढ्या भागात तीनच वस्तू होत्या : टाकीतली जाळी, पत्र्याचा पाइप आणि रबरी नळी. जाळी स्वच्छ निघाली, पाइपातून हवा मोकळी गेली. नळी बाहेरून चांगली दिसत होती, क्लिपही घट्ट होत्या. ती उभी चिरली तर आतला थर सुटून फुगलेला. गार असताना नळी गोल राहायची. सायलेन्सरच्या उष्णतेनं मऊ झाली की फीड पंपाच्या ओढीनं आतला थर चिकटायचा. गाडी थांबली की ओढ संपायची, नळी गार व्हायची, वाट पुन्हा मोकळी. वीस मिनिटांचं कोडं ते एवढंच. डिझेलची नवीन नळी, दोन क्लिप आणि तांब्याचे वायसर मिळून 340 रुपये. नळी सायलेन्सरपासून वीतभर लांबून घेतली. त्यानंतर हंगामभर गाडी त्या कारणानं थांबली नाही.

पंप कधीच खराब नसतो असं नाही. जुना, आतून झिजलेला रोटरी पंप तापला की पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं आणि गरम इंजिन पुन्हा चालूच होत नाही. तिथं पंपावर ओलं फडकं गुंडाळून बघा. पंप गार होताच गाडी चालू झाली तर पंपाचं काम काढावं लागेल. गरम पंपावर गार पाणी मात्र ओतू नका, आतले भाग जाम होऊ शकतात.

एक गोष्ट ड्रायव्हरला नक्की सांगून ठेवा. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम इंजिनावरच तयार होतो. इंजिन बंद पडलं की एक-दोनदा पॅडल दाबेपर्यंतच मदत मिळते, पुढं पॅडल दगडासारखं होतं. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करू नये आणि पॅडल सारखं मारू नये. एकदाच दाबून धरावं, खालचा गिअर असू द्यावा, कडेला घेऊन चाकाला दगड लावावा. बाकी तपासणी त्यानंतर.