पेट्रोलवर उठणारं, रॉकेलवर राबणारं

रावेर-यावलच्या केळीत म्हणा, साक्रीकडच्या एखाद्या नाल्यावर म्हणा, रॉकेलवर चालणाऱ्या पाण्याच्या इंजिनाशी कधी गाठच पडली नाही असा जुना खान्देशी शेतकरी विरळा. उंची गुडघ्याएवढी. दोघांनी सहज उचलून बांधावर ठेवावं एवढंच वजन. डोक्यावर टाकी आणि टाकीत दोन कप्पे, लहानात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. विजेचे खांब जिथे पोचले नव्हते तिथे ही स्वारी बैलगाडीतून किंवा मोटारसायकलच्या मागे बसून पोचायची, नाल्यात पाईप सोडायची आणि कपाशीला बारं देऊन संध्याकाळी घरी परतायची.

खाण्याच्या बाबतीत मात्र भारी चोखंदळ. उठल्या उठल्या रॉकेल दाखवलं तर तोंड फिरवणार. आधी पेट्रोल लागतं. चोक ओढायचा, दोरीला एक दमदार हिसका द्यायचा, मग ते फुरफुरत जागं होतं. नवशिका माणूस लगेच कॉक रॉकेलकडे फिरवतो आणि फसतो. इंजिन खोकतं, पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर सोडतं आणि बंद पडतं. जाणता सालदार अशी घाई करत नाही. तो बाजूला बसून तंबाखू मळतो आणि तीनचार मिनिटांनी सायलेन्सरवर पाण्याचे दोन थेंब शिंपडतो. चर्र झालं की कॉक फिरवतो. आवाज क्षणभर जड होतो, अडखळतो आणि पुन्हा लयीत येतो. आता दिवसभर काळजी नाही.

हा हट्ट पोकळ नाही. पेट्रोल साध्या हवेतही उडून जातं. रॉकेल दीडशे अंशांच्या आसपास कुठे उकळू लागतं आणि त्यातला जड भाग अडीचशेच्या पुढेही वाफ व्हायला कुरकुरतो. थंड नळीतून ते आत गेलं तर भिंतीला थेंब होऊन चिकटतं. आणि पेटते ती वाफ, थेंब नव्हे. म्हणून याच्या पोटात एक साधी, पण फार शहाणी रचना केलेली असते. हवा आणि इंधन आत नेणारी नळी धूर बाहेर नेणाऱ्या तापल्या नळीला खेटून बसवतात. इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो आणि रॉकेलची वाफ करायला त्यातला अगदी थोडका वाटा पुरतो. विझत आलेल्या चुलीच्या निखाऱ्यांवर दुसऱ्या वेळची भाजी शिजवणाऱ्या बाईची ही काटकसर आहे. मला या इंजिनाबद्दल आदर वाटतो तो याच एका गोष्टीमुळे.

घराणंही मोठं आहे. 1917 साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेला फोर्डसन ट्रॅक्टर असाच पेट्रोलवर उठायचा आणि धुराच्या उष्णतेवर रॉकेलची वाफ करून नांगरायचा. आपल्याकडे श्रीराम आणि होंडा यांनी मिळून 1985 साली कंपनी काढली, रुद्रपूरला कारखाना घातला, आणि रॉकेलवर चालणारे जनरेटर आणि पंप देशभर गेले. ग्रीव्हजचीही अशी इंजिनं होती. जळगावकरांचं तर रॉकेलशी जुनं नातं. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये घरातल्या 7,000 रुपयांच्या भांडवलावर धंदा सुरू केला तो रॉकेल विकण्याचा. पुढे त्याच माणसाने पाईप आणले, ठिबक आणलं आणि पाणी थेंबाथेंबाने कसं वापरायचं ते शेतकऱ्याला शिकवलं.

स्वभावातली दुसरी खोड म्हणजे याला रिकामं बसणं सोसत नाही. पाईपभर पाणी ओढायला लावा, खूश असतं. नुसतं मंद चालू ठेवा, की धुराची नळी निवते, रॉकेल पुन्हा थेंबांवर येतं, प्लग काळा पडतो आणि याचा चेहरा उतरतो. थंडीशीही वैर आहे. धुळ्यात पारा एक आकडी होतो तेव्हा पहाटे त्याची मनधरणी करता करता शेतकऱ्याच्या कानटोपीखाली घाम येतो. उलट वैशाखातल्या जळगावात ते पटकन उठतं, आणि माणसं सावली शोधत असताना न कुरकुरता राबतं.

एका लबाडीकडे मात्र नीट लक्ष ठेवावं लागतं. इंजिनातलं ऑईल पाहायची पट्टी ओढून बघितली आणि ऑईल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नये. न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या कडेने खाली झिरपून ऑईलमध्ये मिसळलेलं असतं. ऑईल पातळ होतं, रिंगा झिजतात आणि खर्चाचा आकडा मेकॅनिकच्या तोंडून कळतो. पट्टीचा वास घ्यावा, घासलेटाचा भपका आला तर ऑईल बदलावं.

झोपवायचीही रीत आहे. बंद करण्याआधी दोन मिनिटं पुन्हा पेट्रोलवर आणायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत उद्यासाठी पेट्रोल राहतं. हे विसरलात तर सकाळी दोरी ओढून खांदा भरून येतो. मग वाटीखालचा स्क्रू सोडून शिळं रॉकेल काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसतं.

याच्या या कसबाने काही डोकी फिरवलीही. धुराची उष्णता वापरून रॉकेल जळतं, तर पेट्रोलचीही पुरती वाफ केली की गाडी दुप्पट-चौपट पळेल, असं वाटणारे जगभर निघाले. कॅनडातल्या विनिपेगचा चार्ल्स पोग याने 1930 च्या दशकात अशा कार्बोरेटरची पेटंटं घेतली, गॅलनला 200 मैलांचा गवगवा झाला. ते कधीच सिद्ध झालं नाही. पेट्रोलची वाफ एरवीही बरीचशी होतेच. आणखी तापवलं तर आत जाणारी हवा विरळ होते आणि ताकद घटते. सायलेन्सरभोवती तांब्याची नळी गुंडाळून कुणी अॅव्हरेज वाढवून देतो म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवावेत. जे मुळातच उडायला तयार नाही त्याला उडवणं, एवढंच याचं कसब. रॉकेल जोरात दाबलं की इंजिन ठोके देतं, म्हणून याला दाबही कमीच ठेवलेला असतो आणि ताकदही बेताची असते. हे गृहस्थ त्यावर समाधानी आहेत.

लोडशेडिंगच्या दिवसांत याचा चुलतभाऊ, म्हणजे रॉकेलवरचा जनरेटर, शहरात भाव खाऊन गेला. जळगावच्या फुले मार्केटात, धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानांच्या पायऱ्यांवर तो साखळीने बांधलेला असायचा आणि संध्याकाळी सगळे मिळून असे धडधडायचे की गिऱ्हाईकाला साडीचा भाव ओरडून सांगावा लागे.

आता याच्या अन्नाविषयी. रेशनचं निळं रॉकेल चूल आणि दिव्यासाठी होतं, पण ते स्वस्त होतं आणि बरंचसं भलतीकडे जात होतं. शेतकऱ्याच्या डब्याने जाणारं थोडं, भेसळवाल्यांच्या टँकरने जाणारं फार. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. स्वस्ताईच्या त्या वाटेवर एक कर्तव्यदक्ष अधिकारी गेला, हे या इंजिनाचं कौतुक करतानाही विसरता येत नाही. मार्च 2020 पासून रेशनच्या रॉकेलवरचं केंद्राचं अनुदान शून्यावर आलं. शेतात सौरपंप आले. स्वारी खळ्याच्या कोपऱ्यात, रिकाम्या खताच्या गोण्यांखाली जाऊन बसली.

तरी उन्हाळ्यात अजून कुठे कुठे ती बाहेर निघते, म्हणून हे शेवटचं फार कळकळीने सांगतो. वर बसून खालचं पाणी ओढण्याची याची मजल पंचवीस फुटांपर्यंतच आहे. याचीच कशाला, असं पाणी ओढणाऱ्या कुठल्याही पंपाची त्याहून फारशी नाही. धुळ्याकडच्या विहिरींचं पाणी चैत्रात त्याच्या कितीतरी खाली जातं. मग कुणीतरी दोर बांधून इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतो. जो धूर याच्या पोटात रॉकेलची वाफ करतो, त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद पडलेलं इंजिन बघायला उतरलेला माणूस वर येत नाही, त्याच्यामागे भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी. इंजिन विहिरीत उतरवू नका. उतरवलंच असेल तर ते बंद झाल्यावरही खाली जाऊ नका. आणि खाली कुणी निपचित दिसला तर मागोमाग उडी घेऊ नका, आधी अग्निशमन दलाला बोलवा.